साडेनऊची गोळी

पानफुटी आपल्या सगळ्यांना शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असते. पान ओल्या मातीवर ठेवलं की कडेच्या खाचांतून रोपं फुटतात आणि परीक्षेत दोन मार्क मिळतात. तिच्याच कुळातलं एक झाड हल्ली दादरच्या फुटपाथवरही कुंडीत विकायला असतं. लाल-नारिंगी, बारीक फुलांचे गुच्छ. नर्सरीवाले त्याला कलांचो म्हणतात. याची फुलं दिवसा उघडतात, रात्री मिटतात. बाहेरच्या दिवसरात्रीचा पत्ता लागू दिला नाही तरी काही दिवस त्यांची उघडझाप चालूच राहते, कारण वेळ त्यांच्या आतच असते. १९७३ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगेनचे शास्त्रज्ञ वोल्फगांग एंगेलमन यांनी या फुलांना लिथियमचा क्षार मिसळलेलं पाणी दिलं. पाकळ्या उघडत-मिटत राहिल्या, पण त्यांचा दिवस लांबला. घड्याळ हळू चालायला लागलं.

तेच लिथियम मी रोज रात्री साडेनऊला घेते. बरीच वर्षं घेते आहे. मला बायपोलर आहे, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य आणणारा मनाचा आजार, आणि हे माझ्या ओळखीच्या बहुतेकांना माहीत आहे. ती मंडळी प्रेमाने विचारतात, ‘काय, मूड कसा आहे सध्या?’ मी ‘बरा आहे’ म्हणते. मात्र त्या फुलांबद्दल वाचल्यापासून हा प्रश्न मला थोडा बाजूचा वाटतो. पाकळीला कुठे मूड असतो? तिच्याकडे असते ती फक्त वेळ, आणि लिथियम तिच्या वेळेलाच हात घालतं.

माझ्या बाबतीत तरी सगळं वेळेपासूनच सुरू झालं होतं. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होते, कायम रात्रपाळीला. डाक आवृत्ती गेली की शहर आवृत्ती, शेवटचं पान सोडायचं, मग ऑफिसच्या गाडीतून भांडुप. घरी पोचले की डोकं टक्क जागं. आईला यात काही वावगं वाटत नसे, कारण तिने आयुष्यभर हेच पाहिलेलं. बाबा लालबागच्या गिरणीत तिन्ही पाळ्या करायचे. पाळी बदलली की आमच्या दहा बाय बाराच्या खोलीचा दिवसही बदलायचा. बाबा भर दुपारी झोपलेले आणि आम्ही भावंडं कुजबुजत अभ्यास करतोय, हे चित्र चाळीत घरोघरी होतं. शरीराला स्वतःची एखादी वेळ असेल, हे आमच्याकडे कोणाच्या मनातही आलं नसतं. वेळ गिरणीची असे आणि ती भोंग्यावर कळे.

एका उन्हाळ्यात मला झोपेची गरज वाटेनाशी झाली. झोप येत नाही म्हणून तळमळणं वेगळं, ते मी आधीही भोगलं होतं. हे तसं नव्हतं. दोन तास पडलं तरी अंग फुलासारखं हलकं. ड्यूटी संपवून मी पहाटे दादरच्या फुलबाजारात जायचे, तिथून घरी येऊन पुरवणीचे लेख लिहायचे, दुपारी लोकांना फोन करून भलत्याच योजना सांगायचे. ऑफिसात कौतुक झालं. मुंबईत हा आजार लपून राहतो तो असा. जो माणूस झोपत नाही, पटापट बोलतो आणि चार कामं एकदम अंगावर घेतो, त्याला इथे पाठीवर थाप मिळते. गावी असते तर चार दिवसांत कोणीतरी देवाला गाऱ्हाणं घातलं असतं. माझ्या थोरल्या काकांसाठी घातलंच होतं. तेही पावसाच्या तोंडावर रात्र रात्र जागायचे, दिसेल त्याला उसने पैसे द्यायचे आणि दिवाळीनंतर गोधडी डोक्यावरून घेऊन पडायचे. त्यांना गोळी कधीच मिळाली नाही. मला मिळाली, मधल्या गोष्टी इथे सांगत बसत नाही.

ही गोळी जगात आली तीही वाकड्या वाटेने. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरांना शंका होती की उन्मादाच्या रुग्णांच्या लघवीत काहीतरी विषारी असावं. ते तपासायला त्यांनी गिनीपिग घेतले. युरिक आम्ल पाण्यात नीट विरघळेना, म्हणून त्याचा लिथियमवाला क्षार वापरला आणि गिनीपिग शांत झाले. मग केड यांनी लिथियम आधी स्वतः घेऊन पाहिलं, नंतर उन्मादाच्या दहा रुग्णांना दिलं. मूळची शंका चुकीची निघाली, औषध खरं निघालं. पुढे डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊ यांनी १९५४ पासून ते नेटाने तपासलं, आणि अमेरिकेत त्याला मान्यता मिळायला १९७० उजाडलं. इतक्या वर्षांत कोणीही ‘हे औषध घड्याळाला धरतं’ असं म्हटलं नव्हतं. ती वाट पाकळ्यांवरून निघाली.

पाकळ्यांनंतर उंदीर-घुशींच्या जातीचे प्राणी झाले आणि मग माणसं. माणसांवरचा प्रयोग मला फार आवडतो. नॉर्वेच्या उत्तरेला स्पिट्सबर्गेन बेटावर उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला काही निरोगी माणसं तिथे घड्याळाशिवाय जाऊन राहिली. झोप आली की झोपायचं, जाग आली की उठायचं. काहींना लिथियम दिलं, काहींना नुसती साखरेची गोळी. लिथियम घेणाऱ्यांपैकी काहींचा दिवस खरोखर लांबला. म्हणजे फुलाला लागू ते माणसालाही लागू. सगळ्यांना नव्हे, पण काहींना नक्की.

हे आत घडतं कसं? डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर साधारण २० हजार पेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. पण खरी टिकटिक प्रत्येक पेशीच्या आत चालते, यकृतात, कातडीत, सगळीकडे. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक आहे, त्यावरून मला ती समजली. टाकी भरली की तो उचलला जाऊन पाणी बंद करतो, पाणी उतरलं की खाली येऊन पुन्हा सोडतो. पेशीत क्लॉक आणि बीमॅल-१ ही दोन प्रथिनं मिळून पर आणि क्राय नावाची दुसरी प्रथिनं तयार करवतात. ती पुरेशी साचली की उलटून पहिल्या दोघांनाच थांबवतात. मग हळूहळू ती स्वतः मोडून संपतात आणि पुन्हा पहिल्यापासून. हा एक फेरा साधारण २४ तासांचा होतो. माणसाचा सरासरी दहाएक मिनिटं जास्तच, म्हणून आपल्याला रोज सकाळच्या उजेडाने काटा थोडा पुढे करून घ्यावा लागतो.

या फेऱ्यात जीएसके-३ नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, लुडबुड करतं. ते प्रथिनांना फॉस्फेटची खूण चिकटवतं आणि कोणतं प्रथिन किती काळ टिकणार हे त्यावर ठरतं. लिथियम या जीएसके-३ ला दाबतं, हे १९९६ साली कळलं. २००६ साली पुढची कडी सापडली. रेव्ह-अर्ब अल्फा नावाचं एक प्रथिन बीमॅल-१ ला रोखून धरतं. जीएसके-३ च्या खुणेमुळे ते टिकतं. लिथियम आलं की खूण पडत नाही, ते मोडतं आणि बीमॅल-१ मोकळं होतं. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा इतकं सुबक वाटलं की मी भावाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, ‘तुझी झोप ठीक आहे ना गं?’ बायपोलर माणसाला उत्साहाने काही सांगायचीही पंचाईत असते.

इतकं सुबक असल्यावर कुठेतरी अडणारच. २००८ साली काही संशोधकांनी फक्त जीएसके-३ ला नेमकं दाबणारी रसायनं पेशींवर वापरली, तर घड्याळ हळू होण्याऐवजी जलद झालं! म्हणजे लिथियम घड्याळ लांबवतं त्यात आणखी कोणाकोणाचा हात असणार. लिथियम हा साधा, हलका मूलद्रव्याचा कण. आवर्तसारणीत तिसरा. तो एकाच कुलपात बसेल अशी अपेक्षाच जरा भाबडी म्हणायची.

या गोष्टीचा एक धागा आपल्या कुलाब्याला येऊन जातो, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ साली रेण्वीय जीवशास्त्राचं काम उभं केलं. पुढे त्यांनी फळमाश्यांवर अमेरिकेतल्या सिमॉर बेंझर यांच्याबरोबर संशोधन केलं. याच बेंझर यांनी आणि त्यांचे विद्यार्थी रोनाल्ड कोनोप्का यांनी १९७१ साली माशीचं पहिलं घड्याळ-जनुक शोधलं होतं. त्या जनुकाचं गूढ उलगडणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. आणि माशीतही जीएसके-३ चा भाऊबंद घड्याळाचा वेग ठरवतो, हे २००१ साली दिसलं. केळ्याच्या सालीवर घोंघावणाऱ्या त्या चिलटांकडे मी तेव्हापासून जरा आदराने बघते. मारते, पण आदराने.

आता मला छळणारा प्रश्न. घड्याळ हळू करून माझं भलं कसं होतं? १९७८ च्या सुमारास डॅनियल क्रिप्के यांनी एक तर्क मांडला होता. काही रुग्णांचं आतलं घड्याळ फार जलद पळतं, ते दिवसरात्रीशी जुळत नाही आणि लिथियम त्याला आवर घालतं. काही रुग्णांत तसं दिसलंही. पण बायपोलरच्या पुष्कळ लोकांची तऱ्हा उलटी असते. रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही, सकाळी उठवत नाही. मी त्यातलीच. माझं घड्याळ आधीच मागे पडणारं, त्याला आणखी हळू करून काय मिळणार? २०१२ च्या सुमाराला पेशींवर झालेल्या कामात मला उत्तराचा वास आला. लिथियम फेरा लांबवतं, शिवाय त्याचे चढ-उतार ठळक करतं. भरती भरतीसारखी आणि ओहोटी ओहोटीसारखी होते. बायपोलर रुग्णांच्या कातडीच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून पाहिलं, तर हा ठळकपणा त्यांच्यात निरोगी माणसांच्या पेशींइतका येत नाही, असंही पुढच्या वर्षी दिसलं.

मला हे पटतं, आणि पटण्याचं कारण प्रयोगशाळेतलं नाही. रात्रपाळीच्या वर्षांत माझा दिवस आणि रात्र यांच्यात फरकच उरला नव्हता. दुपारी बारालाही ट्यूबलाइट, रात्री बारालाही तीच ट्यूबलाइट. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर काही हजार लक्स उजेड असतो, ऑफिसात दोन-तीनशे. शरीराला दिवसभर संध्याकाळच दिसते. मग एक दिवस ते स्वतःच्या मनाने दुपार आणि मध्यरात्र ठरवायला लागतं.

आमच्या डॉक्टर मॅडमनी गोळीच्या जोडीला वही दिली. ही वहीही अमेरिकेतल्या पिट्सबर्गहून आलेली आहे. एलेन फ्रँक यांनी बायपोलरच्या रुग्णांसाठी जी उपचारपद्धती घडवली, तिच्यात रोजच्या पाच वेळा लिहायच्या असतात: अंथरुणातून उठण्याची, दिवसात पहिल्यांदा कोणाशी बोलल्याची, काम सुरू केल्याची, रात्रीच्या जेवणाची आणि झोपायला गेल्याची. मला दुसऱ्या वेळेचं नवल वाटलं. बोलण्याचा घड्याळाशी काय संबंध? मॅडम म्हणाल्या, ‘उजेड हा मोठा इशारा, पण माणसंही इशारे देतात. तुम्ही लिहून तर बघा.’

लिहायला लागले आणि चाळीचं मोल कळलं. चाळीत नळाला पाणी यायचं तेव्हा सगळा मजला उठायचा. पहिलं बोलणं ठरलेलं असायचं, बहुतेक वेळा भांडणच. शेजारच्या वहिनी बादली पुढे सरकवणार, आई ‘अहो, आमचा नंबर आहे’ म्हणणार. बाबांच्या पाळ्या कशाही फिरल्या तरी बाकीच्या घराला ही खुंटी होती. भांडुपच्या फ्लॅटमध्ये चोवीस तास पाणी आहे आणि दुपारपर्यंत कोणाशी चकार शब्द न बोलता राहता येतं. आता मी दुधाची पिशवी ऑनलाइन मागवत नाही. नाक्यावरच्या भैयाकडून आणते. सव्वासातला तो ‘ताई, एक लिटर?’ म्हणतो, मी ‘अर्धाच’ म्हणते, की झाली वहीतली दुसरी नोंद.

वहीत वेळ लिहिता लिहिता एक जुनी मुंबई हाताला लागली. १९०६ साली देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली, तेव्हा मुंबईने ती सुखासुखी घेतली नाही. मुंबईची स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध निदर्शनं केली आणि महापालिकेने तर १९५५ पर्यंत जुनी वेळ चालवली. त्या वेळी ही निव्वळ हेकेखोरी वाटली असेल, पण सूर्य महापालिकेच्या बाजूने होता. आजही इथे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात साडेबारा वाजून गेलेले असतात. शून्य सावलीच्या दिवशी गच्चीत जाऊन बाटली उभी केलेल्यांनी हे पाहिलेलं आहे. माझ्या मेंदूतल्या त्या २० हजार पेशी सूर्याचं ऐकतात. म्हणजे मी अजून बॉम्बे टाइमवर आहे आणि लोकल प्रमाणवेळेवर. सकाळी गाडी चुकली की हे कारण मी मनातल्या मनात देऊन बघते.

उजेडाचं मात्र शहराने फार अवघड करून ठेवलंय. अंधार पडला की मेंदू मेलॅटोनिन हे रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक सोडतो, आणि रात्रीचा झगझगीत उजेड ते दाबतो. २००५ साली मेलबर्नला निरोगी माणसांना काही दिवस थोडं लिथियम देऊन रात्री उजेड दाखवला, तर मेलॅटोनिन नेहमीइतकं दबलं नाही. त्याच गटाने व्हॅल्प्रोएट या दुसऱ्या मूड स्टॅबिलायझरवरही, म्हणजे मूडचे चढ-उतार आवरणाऱ्या औषधावरही, तोच प्रयोग केला, तिथेही तसंच दिसलं. दोन औषधं, रसायन म्हणून एकमेकांशी काही नातं नाही, तरी दोघंही रात्रीच्या उजेडापासून घड्याळाला आडोसा देतात. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण माझ्या बेडरूमसमोर हायवेवर एक एलईडी होर्डिंग आहे. दर काही सेकंदांनी खोली निळी, मग पांढरी, मग पुन्हा निळी. गणपतीत मंडळाची रोषणाई, नवरात्रात बारापर्यंतचा गरबा, दिवाळीची माळ संक्रांतीपर्यंत. गोळी आडोसा देते, पण इतक्या वाऱ्यात तिने एकटीने किती धरावं? मी जाड पडदे शिवून घेतले. शिंपी म्हणाला, ‘ताई, या कापडाने हवा येणार नाही.’ म्हटलं, नको येऊ दे.

नॉर्वेत २०१६ साली याहून पुढचं करून पाहिलं गेलं. उन्मादात दाखल झालेल्या रुग्णांना संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत, आठवडाभर, नारिंगी काचांचे चष्मे दिले. नेहमीची औषधं चालूच होती. निळा उजेड अडला आणि साध्या काचेवाल्यांच्या तुलनेत त्यांचा उन्माद झपाट्याने उतरला. मीही तसा चष्मा आणला. तो लावून मालिका बघायला बसले की भाची म्हणते, ‘आत्या, वेल्डिंगला चाललीस का?’

लिथियमचं कौतुक ऐकून कोणाला ते गोड औषध वाटायला नको. चहाचा कप धरताना बोटं थरथरतात. तहान लागते, पाणी प्यावं लागतं आणि रात्री बाथरूमला उठावं लागतं. झोपेची घडी बसवणारं औषधच झोपमोड करतं, हा त्याचा खास विनोद. रक्तातली लेव्हलही घड्याळ लावून बघायची, आदल्या गोळीनंतर बारा तासांनी. ०.६ ते १.० च्या मध्ये असली की मॅडम खूश, १.५ च्या वर विषबाधेची भीती. आणि शरीर लिथियमला मिठासारखंच वागवतं. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि त्याबरोबर लिथियमही. ऑक्टोबरच्या उकाड्यात घामाने, जुलाबाने, अळणी किंवा निर्जळी उपवासाने लेव्हल चढू शकते. दुखण्यावरच्या आयबुप्रोफेनसारख्या गोळीनेही चढते. आमच्याकडे नवरात्राचे उपास उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी, धरायची पद्धत. सासूबाईंना हे सगळं कसं सांगायचं याची मी मनात बरीच तयारी केली होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘देवीला तू हवीस, तुझा उपास नकोय तिला. तू घटाला माळ घाल, मी उपास धरते.’ घरात एवढं सरळ कोणी बोललं नव्हतं.

गेल्या खेपेला रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन, ज्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं ते, थोडं वर सरकलेलं दिसलं. जास्त वर्षं लिथियम घेणाऱ्या काहींच्या मूत्रपिंडाला त्रास होतो आणि थायरॉइडवरही लक्ष ठेवावं लागतं, म्हणून हे रक्त तपासणं चुकवायचं नसतं. मॅडमनी डोस जरा खाली आणला आहे. मी विचारलं, ‘मग घड्याळाचं काय?’ त्या म्हणाल्या, ‘पुढच्या महिन्यात परत बघू. वहीतल्या वेळा तासाभराहून जास्त हलल्या, तर रिपोर्टची वाट न बघता फोन करा.’ म्हणून सध्या वही उशाशी आहे आणि मी ती जरा जास्तच बारकाईने भरते आहे.

त्यात भाचीचं लग्न आलंय. हळद रात्री आठला, डीजेसकट. दादाला सांगून ठेवलंय की मी नऊला निघणार, वाईट वाटून घेऊ नकोस. त्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, ‘अहो, जाऊ द्या तिला. मुहूर्त सकाळी नऊ सत्तावीसचा आहे. हॉलवर सातला पोचून भटजींना चहा द्यायला कोणीतरी जागं हवंच ना?’